एक ज्यूलची पेटी: कारच्या ‘व्होल्टेज स्टॅबिलायझर’बद्दलच्या दाव्यांचा प्रतिवाद

‘बॅटरीच्या दोन टर्मिनलांना ही छोटी पेटी जोडा. व्होल्टेज स्थिर होतं, ॲव्हरेज १० ते १५ टक्क्यांनी वाढतं, पिकअप सुधारतो, सेल्फ झटक्यात लागतो, हेडलाइट लख्ख पडतात, म्युझिक खुलतं, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) सुरक्षित राहतो आणि बॅटरी दुप्पट टिकते.’ कारच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरची जाहिरात आणि त्याबद्दल पुढे ढकलले जाणारे मेसेज, दोन्हींतला मजकूर थोड्याफार फरकाने हाच असतो. ही टूम जपानच्या मॉडिफिकेशन बाजारातून आली. ‘हॉट इनाझ्मा’ आणि ‘रायझिन’ ही तिकडची गाजलेली नावं. आपल्याकडे विकल्या जातात त्यांतल्या बऱ्याच पेट्या त्यांच्या स्वस्त नकला आहेत.

पेटी विकत घेऊ नका, हे आमचं मत आधीच सांगतो. त्याची कारणं आकड्यांत आहेत आणि ते आकडे कुणालाही तपासता येतील.

आधी नावाचं बघू. घरातला फ्रिजचा स्टॅबिलायझर खरोखर काम करतो. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो आणि रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, असतात. लाइट १७० व्होल्टवर आली की रिले ट्रान्सफॉर्मरचा दुसरा टॅप पकडून ती वर उचलतो. कारची पेटी उघडली तर आत दोन ते पाच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे सुटे भाग), एक एलईडी, एक फ्यूज आणि फार तर लाल आकड्यांचा छोटा व्होल्टमीटर दिसतो. कमी झालेलं व्होल्टेज वर उचलेल असा एकही भाग त्यात नसतो. गाडीतला खरा व्होल्टेज रेग्युलेटर अल्टरनेटरमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनामोमध्ये, कारखान्यातूनच बसवून आलेला असतो. व्होल्टेज उतरलं की तो रोटरच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या भागाच्या, कॉइलला जास्त करंट देतो, चढलं की कमी. हे काम तो अखंड करत असतो.

आता या कपॅसिटरांचा हिशेब. सगळे मिळून साधारण १०,००० मायक्रोफॅरड धरू. स्वस्त नकलांत याहून कमीच असतात. कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्सचा निम्मा गुणिले व्होल्टेजचा वर्ग. ०.०१ फॅरड आणि १४ व्होल्टला ती ०.९८ ज्यूल भरते. एक ज्यूल धरा. छोट्या हॅचबॅकची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिच्यात पंधरा लाख ज्यूल असतात.

‘साठा कमी असेल, पण कपॅसिटर तो झटक्यात देतो, बॅटरी सावकाश देते,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. ऐकायला पटतं, पण इथे लागू पडत नाही. झटक्यात देण्याची ताकद अंतर्गत रोधावर ठरते. चांगल्या कार-बॅटरीचा अंतर्गत रोध ५ ते १० मिलिओहम असतो. पेटीसोबत येणारी तार बहुधा २.५ चौरस मिलिमीटरची किंवा तिच्याहूनही बारीक असते. २.५ची तांब्याची तार मीटरमागे सुमारे ७ मिलिओहम रोध दाखवते. जाण्यायेण्याची एकेक मीटर धरली तर नुसत्या तारेतच १४ मिलिओहम गेले. त्यात कपॅसिटरचा स्वतःचा रोध, फ्यूज आणि लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) यांची भर. म्हणजे बॅटरीपेक्षा ‘झटपट’ असल्याचा जिचा दावा आहे, तिच्या वाटेत बॅटरीहून जास्त अडथळा आहे.

एवढं हाताशी असलं की एकेक दावा घेता येतो.

‘सेल्फ झटक्यात लागतो.’ छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर इंजिन फिरू लागल्यावर साधारण १५० अँपिअर खेचतो. पहिल्या क्षणी त्याच्या दुप्पट-अडीचपट. १५० अँपिअरला व्होल्टेज १२.६ वरून १० वर येईपर्यंत ही पेटी किती वेळ पुरेल? ०.०१ फॅरड गुणिले २.६ व्होल्ट म्हणजे ०.०२६ कूलंब. भागिले १५० अँपिअर, तर ०.१७ मिलिसेकंद. सेल्फ मारायला लागतो अर्धा ते एक सेकंद. त्यातला अडीच हजारावा भागही पेटी पेलत नाही. सेल्फ जड जात असेल तर बॅटरी दमली आहे, टर्मिनल सैल आहे किंवा इंजिनाची अर्थिंग गंजली आहे. हे तिन्ही दोष मोजून सापडतात, पद्धत पुढे दिली आहे.

‘ॲव्हरेज वाढतं.’ या दाव्यावर जास्त पैसे जातात, म्हणून इथे थोडं थांबू. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या छोट्या गाडीला सुमारे ८ किलोवॉट शक्ती लागते. दिवसा, दिवे बंद असताना, फ्युएल पंप, इंजेक्टर, इग्निशन कॉइल, ईसीयू आणि म्युझिक मिळून विजेचा भार ३०० वॉटच्या आसपास. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्यासाठी इंजिनाचे ५०० वॉट खर्च होतात. ८,०००मधले ५००, म्हणजे ६ टक्के. थोडक्यात, गाडीची सगळी वीज उद्यापासून फुकट मिळाली तरी १० टक्के ॲव्हरेज वाढणार नाही. आणि पेटी वीज फुकट देत नाही. ती फार तर अल्टरनेटरच्या करंटमधली लहर थोडी कमी करते. ५ अँपिअरच्या लहरीमुळे बॅटरीच्या ८ मिलिओहममध्ये वाया जाणारी शक्ती ०.२ वॉट भरते. ही वाचली असं मानलं तरी ती ८,००० वॉटांपैकी आहे.

याला जोडून एक सूक्ष्म दिसणारा युक्तिवाद येतो: ईसीयूला ‘स्वच्छ’ करंट मिळाला की इंजेक्शन आणि स्पार्क अचूक होतात. ईसीयू बॅटरीच्या व्होल्टेजवर थेट चालत नाही. तो आतल्या रेग्युलेटरने स्वतःसाठी आणि सेन्सरसाठी ५ व्होल्ट बनवतो. बाहेर १२ असोत की १४.५, आत ५च. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ मात्र व्होल्टेजप्रमाणे बदलतो, ही गोष्ट खरी आहे. १४ व्होल्टला तो साधारण एक मिलिसेकंद लागतो, १० व्होल्टला बराच जास्त. पण याचा तक्ता ईसीयूत आधीच भरलेला असतो आणि तो तेवढा वेळ पल्समध्ये मिळवतो. इग्निशन कॉइलचंही तसंच: व्होल्टेज उतरलं की कॉइल भरण्याचा वेळ तो वाढवतो, त्यामुळे ठिणगीची ताकद टिकते. वर एक्झॉस्टच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर हवा आणि पेट्रोलचं मिश्रण सतत तपासतो आणि पेट्रोल गाडीत ते १४.७ला १ या प्रमाणाभोवती राखतो. पेटीने दुरुस्त करावी अशी चूक इथे शिल्लकच नसते.

मग पेटी लावल्यावर ‘गाडी हलकी झाली’ असं सांगणारे सगळे खोटं बोलतात का? अजिबात नाही. पेटी लावताना बरेच जण बॅटरीची निगेटिव्ह काढतात. त्याने बऱ्याच गाड्यांत ईसीयूने शिकून ठेवलेली आयडलिंगची आणि इंधनाची दुरुस्ती पुसली जाते, आणि पुढचे काही दिवस गाडी ती नव्याने शिकते. त्या काळात ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद खरोखर वेगळा वाटू शकतो. शिवाय हात लावलाच आहे म्हणून टर्मिनलही घासून घट्ट केलं जातं. सुधारणा टर्मिनलची असते आणि नाव पेटीचं होतं. ॲव्हरेजचं म्हणाल तर ते टाकी फुल करून काढलं जातं. पंपाचा ऑटो-कट दर वेळी त्याच पातळीला होत नाही. २० लिटरमागे अर्ध्या लिटरचा फरक पडला तरी तो अडीच टक्के झाला. टायरची हवा, एसीचा वापर आणि नवी वस्तू लावल्यावर आपोआप हलका पडणारा पाय, हे सगळं त्यात मिसळतं. इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आजवर तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

कुणाला स्वतःच तपासायचं असेल तर एक सोपी रीत आहे. पेटीच्या एलईडीवर काळी टेप लावा. दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या नकळत पेटीचा फ्यूज काढायला किंवा ठेवायला सांगा, नाणं उडवून. त्याच रस्त्यावर दहा फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरीनंतर पेटी चालू होती की बंद, हे कागदावर लिहा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरं बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का आहे, म्हणून नऊ बरोबर आली तर पेटीकडे पुन्हा बघायला हरकत नाही. पाच-सहा आली तर उत्तर मिळालं.

‘हेडलाइट लख्ख पडतात.’ हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणून थोडं व्होल्टेज गळालं तरी उजेड बराच कमी होतो. पण ते बॅटरीपाशी गळत नाही. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट स्टिअरिंगवरच्या स्विचमधून फिरून येतो, आणि बारीक तारा व जळके कॉन्टॅक्ट वाटेत व्होल्टेज खातात. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट लावा आणि बल्बच्या होल्डरमागच्या पिनांवर मोजा. बॅटरीवर १४.२ आणि बल्बवर १२.६ आले तर उजेडाचा तिसरा हिस्सा गेला. त्यावर उपाय आहे तो रिले-हार्नेस: बॅटरीतून फ्यूज लावून थेट २.५ चौरस मिलिमीटरची तार, दोन रिले आणि जुना स्विच फक्त रिले चालवायला. बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळू लागलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हेही माहीत असू द्या. बॅटरीवर लावलेला कपॅसिटर बल्बपर्यंतच्या तारेतली गळती भरून काढू शकत नाही.

‘म्युझिक खुलतं, स्पीकरमधली शीळ जाते.’ इथे थोडंसं तथ्य आहे. अल्टरनेटर तीन फेजचा असतो आणि सहा डायोड त्याचं डीसी करतात. बारा पोलच्या रोटरला एका फेरीत ३६ लहरी. इंजिन ८०० आरपीएमवर असताना अल्टरनेटर सुमारे २,००० आरपीएमने फिरतो, म्हणजे सेकंदाला १,२०० लहरी. रेस वाढवली की चढत जाणारी स्पीकरमधली शीळ ती हीच. मात्र १,२०० हर्ट्झला १०,००० मायक्रोफॅरडचा रोध १३ मिलिओहम, वर तारेचे १४. बॅटरी स्वतःच याहून चांगला फिल्टर आहे. शीळ बहुतेक वेळा येते ती हेड युनिट (डॅशबोर्डवरचा स्टिरिओ) आणि ॲम्प्लिफायर यांची अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे, किंवा त्यांच्यामधली, आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवरच्या तारेला चिकटून नेल्यामुळे. दोन्ही अर्थ एकाच बिंदूवर घ्या, तो बिंदू रंग खरवडून उघड्या पत्र्यावर करा आणि आरसीए गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी येतो तो १ फॅरडचा कपॅसिटर याच्या शंभरपट असतो आणि तो ॲम्प्लिफायरशेजारी बसतो. तोही ५० अँपिअरचा ठोका २८ मिलिसेकंद सांभाळतो, तेवढ्यात व्होल्टेज १४ वरून १२.६ वर येतं.

शीळ अचानक सुरू झाली असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याचा संशय घ्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि हेडलाइट चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर डायोड तपासायलाच हवेत. मात्र दोनशे-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर इथे हमखास फसवतो. त्याच्या एसी रेंजमध्ये डीसी अडवायची सोय नसते, त्यामुळे १४ व्होल्ट डीसीला तो सुमारे ३० दाखवतो आणि प्रोब उलटे केले की शून्य. 

‘ईसीयूला व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवतो.’ गाडीतला सर्वांत वाईट झटका म्हणजे अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सुटणं. संरक्षण नसलेल्या अल्टरनेटरमधून त्या वेळी ८० ते १०० व्होल्टपर्यंतची उसळी काहीशे मिलिसेकंद टिकू शकते. ५० अँपिअर करंट पेटीत वळला असं धरा. ०.०१ फॅरडचं व्होल्टेज दर मिलिसेकंदाला ५ व्होल्टने चढतं, म्हणजे चार मिलिसेकंदांत १४ चे ३४ होतात. आतले कपॅसिटर १६ किंवा २५ व्होल्टचे असतात. ते वाचवणार कुणाला? ते काम अल्टरनेटरमधले उसळी रोखणारे अव्हॅलाँच डायोड आणि ईसीयूतली संरक्षक यंत्रणा करते. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या आयएसओ १६७५०-२ या मानकात २४ व्होल्टवर एक मिनिट तगण्याचीही चाचणी आहे. तुमच्या हातात एवढंच आहे की इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल कधी काढू नये. ‘डायनामो चार्ज करतोय का’ हे बघायची ती जुनी पद्धत आजच्या गाडीत महागात पडते.

‘बॅटरी दुप्पट टिकते.’ लेड-ॲसिड बॅटरीला मारतात ती उष्णता, अर्धवट चार्जिंग, हादरे आणि आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं, हा ठोकताळा आहे. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर का जातात ते यावरून कळतं. मुंबईत घर ते स्टेशन अशी दोन किलोमीटरची फेरी बॅटरीला पुरेसं भरू देत नाही. यांतल्या कशावरही कपॅसिटरचा परिणाम होत नाही. उलट पेटीचा एलईडी आणि व्होल्टमीटर मिळून २० मिलिअँपिअरच्या आसपास सतत ओढतात. दोन आठवडे गाडी बंद राहिली तर ६.७ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ३५च्या बॅटरीचा जवळपास पाचवा हिस्सा. गाडीचं स्वतःचं घड्याळ, अलार्म आणि ईसीयू ओढतात ते वेगळंच.

त्या व्होल्टमीटरमुळे आणखी एक घोळ होतो. बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयूच्या हुकुमाने चालतं. ॲक्सिलरेटर दाबला की ईसीयू व्होल्टेज मुद्दाम १२.५च्या आसपास आणतो, पाय उचलला की १४.५च्या वर नेतो, म्हणजे उतारावरची फुकट शक्ती बॅटरीत जाते. मीटरवर हे चढउतार बघून लोक घाबरतात आणि धडधाकट अल्टरनेटर बदलून घेतात. अशा गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. बाहेरून लावलेल्या कोणत्याही वस्तूची अर्थ थेट त्या टर्मिनलच्या खांबाला दिली, तर तिचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि बॅटरीचा हिशेब चुकतो. अर्थ नेहमी बॉडीवर द्यावी.

पेटीसोबत मिळणाऱ्या पाच रंगीत अर्थिंग तारांबद्दल दोन शब्द. जुन्या गाडीत, विशेषतः कोकणच्या खाऱ्या दमट हवेत, इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थ-पट्टी खरोखर गंजते. अशा गाडीला नव्या तारेने फरक पडतो. पण ती एकच तार लागते, १६ किंवा २५ चौरस मिलिमीटरची, तांब्याचे लग क्रिंप केलेली, आणि कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन ती बनवून देतो.

पेटीचे पैसे मल्टिमीटरवर घाला आणि या क्रमाने मोजा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. इंजिन १,५०० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना साध्या अल्टरनेटरच्या गाडीत १३.५च्या वर राहावं. मग एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक, ०.५ आलं तर दोष तिथेच आहे. पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा बोल्ट, याच पद्धतीने ०.५च्या आत हवं. हे मोजताना प्रोब टर्मिनलच्या क्लॅम्पवर न ठेवता शिशाच्या खांबावरच टेकवा. खांब आणि क्लॅम्प यांच्यामधल्या काळपट थरातच अनेकदा सगळं व्होल्टेज अडकलेलं असतं.

तो थर काढायला १० नंबरचा पाना, खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी पुरतं. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. एका ग्लासात चमचाभर सोडा; पांढरा-हिरवा फुलोरा फेसाळून निघतो. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाकेपर्यंत घासा, कोरडं करा, आधी पॉझिटिव्ह आणि मग निगेटिव्ह लावा. क्लॅम्प हाताने फिरता कामा नये. पेट्रोलियम जेली सगळ्यात शेवटी, बाहेरून.

पेटी आधीच लावलेली असेल तर ती काढताना इंजिन बंद ठेवा. पेटीची निगेटिव्ह आधी सोडवा, मग पॉझिटिव्ह. तिच्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नका, आत अजून चार्ज आहे. तो उतरवायला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन तारांमध्ये धरा. बल्ब पापणी लवण्याइतकाच लुकलुकतो, कधी तेवढाही नाही. पेटीत होती ती सगळी वीज एवढीच.